प्लग

सिनेमावाल्यांना जुनंच मशीन हवं होतं,
झिजलेल्या बटणांचं, कोळशाची पूड बसलेलं.
वास्कोत पूड फुकट आहे, मी म्हटलं,
मशीनचं भाडं मात्र रोजचं तीन हजार.

गोष्ट त्यांनी चहा पिताना सांगितली:
या गेममध्ये जो हरतो तो उजाडेपर्यंत मरतो
आणि त्याच्या नावाची तीन अक्षरं
पडद्यावर आपोआप उमटतात.
मला हसू आलं. माझ्याकडे हरलेली पोरं
फार तर आईचा मार खायची.

अट एकच घातली. प्लग काढायचा नाही.
अकरा वर्षं काढला नव्हता.
वीज गेली तर इन्व्हर्टर, तोही दमला
तर शेजारच्या फार्मसीतून ओढलेली वायर.
कारण बंद झालं की हे मशीन सगळं विसरतं,
आणि यादीत सगळ्यात वर होता इनास:
आय, एन, एस.
नेव्हीवाल्यांना वाटायचं, एखादी युद्धनौका असणार.

इनास खारीवाड्याचा, डावखुरा.
तारवावर चढायच्या सकाळी
शेवटचं नाणं टाकून खेळला,
म्हणाला, चालू ठेव रे,
माझा आकडा मीच येऊन मोडतो.
तारू रॉटरडॅमला पोचलं.
तो पोचला नाही.

शूटिंगच्या शेवटच्या रात्री
लाइटवाल्या पोरानं त्याच्या दिव्यासाठी प्लग काढला.
वायर नीट गुंडाळून ठेवली होती बिचाऱ्यानं.
सकाळी यादीत ए, ए, ए,
खाली पुन्हा ए, ए, ए,
जसं कुणी तोंड उघडून
बोलायचं राहून गेलंय.

सिनेमाला एकटाच गेलो.
मध्यंतरानंतर माझंच दुकान, माझंच स्टूल,
कॅमेरा सरकत सरकत मशीनपाशी,
आणि मेलेल्यांची यादी.
बदलायला विसरले असतील, किंवा आळस.
आय, एन, एस.
पुढच्या रांगेतली मुलगी किंचाळली,
कुणाचे तरी पॉपकॉर्न सांडले.
माझ्या तोंडून एवढंच निघालं: आयलो रे!
शेजारचा माझ्याकडे बघत सरकून बसला.

चार खेळ पाहिले त्या सव्वीस सेकंदांसाठी.
गुरुवारी सिनेमा उतरला.

आता पोरं येतात, सिनेमातलं मशीन बघायला.
फोटो काढतात, बटणाला हात लावत नाहीत.
मी म्हणतो, खेळा रे, काही होत नाही.
हरा, जिंका, नाव टाका.
काहीच होत नाही.