लेंगाना

मोखोत्लोंगच्या चढावरचं बर्फ सैल झालं
की मालिनेओ दवाखान्यात उतरते.
घोंगडीची पिन हनुवटीशी,
काखेत लेंगानाची जुडी :
राखेच्या रंगाची, पिसासारखी चिरलेली पानं,
वास असा उग्र
की रांगेतली खोकणारी माणसं
क्षणभर खोकायचं विसरतात.

"ह्याला रात्री वाफारा दिला, सिस्टर.
घाम फुटला. ताप नाही हटला.
आता तू बघ."
आणि शेजारणीचं पोर पाठीवरून सोडून
माझ्या टेबलावर ठेवते.

फॉर्मवर एक रकाना आहे : आधीचे उपचार.
पहिली दोन वर्षं मी तिथे
'काही नाही' असं लिहीत होते.

गावात म्हणतात, हिच्या हाताला गुण आहे.
ती तळवा उलटसुलट करून बघते,
दुकानदारानं कमी दिलेली मोड मोजावी तशी.

आमच्याकडे लग्नातच सासरचे नाव ठेवतात,
मूल पोटातही नसताना.
मालिनेओ, म्हणजे लिनेओची आई.
मग लिनेओ आली.
मग गोवर आला.
त्या हिवाळ्यात घाट बंद, लस खाली खोऱ्यात अडकलेली,
आणि सातव्या रात्री
ओठांवरचा काढा वाळायच्या आत
लिनेओ गेली.
नाव तिच्या आधी आलं होतं,
तिच्या मागेही राहिलं.
दिवसातून दहादा आम्ही तीच हाक मारतो.

मासेरूहून एकदा एक जण आला,
बाटल्या, लेबलं, सगळं तयार.
"आजी, एवढंच म्हणा की विषाणू मरतो.
पुढचं मी बघतो."
तिनं त्याला चहा पाजला. साखर जास्त घातली.
"मरत नाही रे.
नाक मोकळं होतं, डोळा लागतो.
उशाशी कुणी बसलंय, असं वाटतं आजाऱ्याला.
बसलेली मीच असते.
त्याची बाटली कशी भरणार तू?"

आता रकान्यात मी लिहिते :
लेंगाना, वाफारा, जागरण.
वरचे साहेब 'जागरण'वर लाल रेघ मारतात.

लस टोचायच्या दिवशी
फाटक उघडायच्या आधीच ती उभी असते,
तट्टावर दोन, हाताशी दोन, एकही तिचं नाही,
प्रत्येकाच्या नाकपुडीत
लेंगानाचं एकेक पान खोचलेलं.

मी दंड पुसते, सुई टोचते.
पान असू देते.