बजावणी

तीन वेळा गेले होते त्या घरी.
सोमवारी सकाळी सात वीस: दार बंद, धुराडं गार.
बुधवारी रात्री खिडकीत टीव्हीचा निळा उजेड,
बेल दाबली तसा विझला.
शनिवारी कुत्रं तेवढं भेटलं
आणि शेजारच्या मिसेस लुंडीन,
पायरीवरचा बर्फ खरडता खरडता म्हणाल्या,
"आर्वो ना? गावाला गेलाय."
हे सांगताना त्यांनी तळ्याकडे पाहिलं.
मला एवढं पुरतं.

बावीस वर्षं हेच करतेय.
त्याआधी शाळेची बस चालवायचे,
म्हणून उत्तर मिनेसोटाच्या या काउंटीतलं
दार न् दार ठाऊक आहे,
आणि दारामागे कोण किती वेळ श्वास रोखू शकतं तेही.
लोकांना वाटतं, मी पिस्तूल बाळगते.
माझ्याजवळ असतात जाड मोजे, कुत्र्यांसाठी बिस्किटं
आणि शिसपेन्सिल, कारण उणे वीसला शाई गोठते.
नोटीस बजावायची म्हणजे ढोल बजावायचा नसतो.
जितकं हळू जाल तितकं बरं.

रविवारी तळ्यावर चालत निघाले.
बर्फ दीड हात जाड, तरी खालून मधूनच हुंकारतो,
कुणी झोपेत कूस बदलावी तसा.
मासेमारीच्या खोपट्यांची गल्लीच वसलेली,
प्रत्येकावर मालकाचा नंबर रंगवलेला.
हिरवं खोपटं, आत रेडिओवर हॉकी.
मी दार वाजवलं.
"उघडंच आहे."
इथे कोण कुणापासून लपणार!

आर्वो केट्टुनेन?
हो म्हणताना त्यानं टोपी काढली.
त्याला वाटलं होतं, ट्रकचे हप्ते.
नाहीतर हॉस्पिटल. नाहीतर तो कुंपणाचा जुना दावा.
चष्मा पुसून वाचलं,
मग पुन्हा पहिल्या ओळीपासून.

मुलगी चौदा वर्षांची. आयला.
आडनाव बदलून हवंय तिला,
आईच्या नवऱ्याचं लावायचंय.
बापाला कळवल्याशिवाय कोर्ट पुढे सरकत नाही.
"आयला ब्रँडव्होल्ड," त्यानं मोठ्यानं म्हणून पाहिलं,
गरम बटाटा या गालातून त्या गालात फिरवावा तसं.

"सही कुठे करायची?"
सही नको, मी म्हटलं. तुमच्या हाती पडलं, बास.
"आणि घेतलं नसतं तर?"
पायाशी ठेवून गेले असते. तेही चालतं.
हरकत असेल तर वीस दिवसांच्या आत…
पुढचं मला पाठ आहे,
पण तेवढ्यात भोकातली दोरी हलली.
दोघंही तिकडेच बघत राहिलो.
त्यानं ओढून घेतला: हातभर वॉलआय,
दुधाळ डोळ्यांचा.
"ती मासा खायची नाही. डोळे बघून रडायची.
मी तरी न्यायचो."
एवढंच बोलला.

घरी येऊन शपथपत्र भरलं.
उंची: सहा फूट, बसलेला होता म्हणून अंदाजे.
वजन: एकशे नव्वद पौंड, त्यात कपडे किती कोण जाणे.
केस: पांढरे.
ठिकाण: टॅमरॅक लेक, किनाऱ्यापासून चारशे पावलं.

मंगळवारी कोर्टातून बर्नडेटचा फोन.
"तळं म्हणजे पत्ता नव्हे."
खोपट्याचा नंबर दिला. तोही चालेना.
"मार्चमध्ये खोपटी उचलतात.
पुढे कुणी आव्हान दिलं, तर मी काय दाखवू?"
पाणी दाखव, म्हटलं.
हसली नाही. थोड्या वेळानं
'प्रत्यक्ष हातात' असं लिहून शिक्का मारला तिनं,
फोनवरही ऐकू आला.

एक गोष्ट शपथपत्रात नाही.
कुणाकडून काही घ्यायचं नाही, हा माझाच नियम.
तरी निघताना त्यानं तो मासा
वर्तमानपत्रात गुंडाळून पुढे केला
आणि माझ्या हाती पडला.
घरापर्यंत शेजारच्या सीटवर होता.
मधूनच कागद हलायचा.