साडेबारा टक्के

कळंबोलीच्या पोलाद बाजारामागं आमचा काटा.
मालकीणही मीच, म्हणून रात्रपाळीलाही मीच.
येतात ते अठ्ठावीस टन, बत्तीस टन,
सळया, पट्ट्या, गुंडाळलेला पत्रा.
काचेवर टकटक, पावती, निघाले.
काय कुठं चाललंय, कोणी सांगत नाही.

पहाटे तीनला आली ती
दोन चाकांची पांढरी पेटी, खिडकीला फुलाफुलांचा पडदा,
एका जुन्या बोलेरोच्या मागं.
मला वाटलं, आइस्क्रीमवाला वाट चुकला.

"घर आहे," देवस्थळी म्हणाले.
रबाळ्याला चौतीस वर्षं टूलरूममध्ये गेलेली,
नखांत अजून ऑइलची रेघ.
"तळोज्याच्या शेडमध्ये स्वतः जोडलंय. रिकामं सहाशे वीस.
हजाराच्या वर जायला नको. बदामीपर्यंत जायचंय."

पेटी सोडवून काट्यावर एकटी उभी केली.
अकराशे तीस.
त्यांनी चष्मा पुसला.
अकराशे तीसच.

"आता माझंच काढणार तुम्ही," शालनताई म्हणाल्या
आणि पायरीवर बसल्या, पर्स मांडीवर.

पुस्तकं निघाली, दोन खोकी, चाळीस. ती त्यांची होती.
जादाची बॅटरी, वीस. तीही त्यांचीच.
पाण्याची टाकी, ऐंशी लिटर.
"निम्मी ठेवूया?"
मी म्हटलं, निम्मी तर मुळीच नको.
सासरे पनवेलच्या खाडीतून मिठाचा मचवा न्यायचे,
म्हणायचे, अर्धा पानी नाचतं.
भरा नाहीतर ओता.
ओतली. माझ्या दोन तुळशी आणि एक कढीपत्ता
अवेळी न्हाले.

उरला पाटा-वरवंटा. तीस.
कोणी काही बोललं नाही.
रस्त्यावरून एक कंटेनर गेला, काच थरथरली.
शेवटी त्याच उठल्या. "काढा. तिकडं कोण वाटणार आहे!"

नऊशे साठ.

देवस्थळी हसले, मी नाही हसले.
पुढचं चाक काट्याबाहेर घ्या म्हटलं,
मोठी दोन राहू द्या वर.
आठशे नव्वद.
म्हणजे दांडीवर सत्तरच.
सगळा संसार मागच्या पलंगाखाली कोंबलेला.

गाडी उलार आहे, काका.
उतारावर ही शेपूट हलवेल,
आणि शेपटीनं हलवलेली बोलेरो मी पाहिलीय.
धुरजडही नको, मागची चाकं दबतात, पुढची सुटतात.

"पुस्तकात दहा ते पंधरा टक्के दिलंय नाकावर."
साडेबारा धरा, मी म्हटलं.
आमच्याकडं तोच आकडा चालतो.

त्यांना कळलं नाही. शालनताईंना कळलं, त्या ऐरोलीच्या.
भातखाचरं गेली तेव्हा मी लग्न होऊन आले नव्हते.
शंभरातले साडेबारा परत मिळायला एकवीस वर्षं लागली,
सासऱ्यांनी कागद उलटा धरून पाहिला,
मग सुलटा.
तो तुकडा विकून हा काटा घातला.
बाकीचे साडेसत्याऐंशी कुठल्या चाकांवर गेले
त्याची पावती माझ्याकडं नाही.

भांड्यांची ट्रंक पुढं घेतली, चटया पुढं,
तांदळाचा डबा पुढं, मग थोडा मागं.
आठशे चाळीस.
दांडीवर एकशे वीस. नेमके.
"अहो, पण आपण?" शालनताईंनी विचारलं,
"आपण कशात धरायचे?"
"आपण बोलेरोत," ते म्हणाले. "बोलेरो वेगळी."
त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी नाही.

खोकी आणि बॅटरी भाच्याच्या रिक्षात ऐरोलीला गेली.
पाटा माझ्या पायरीशी राहिला. "येताना नेऊ."
मागचे लाल दिवे पुलापर्यंत पाहिले.
सरळ गेले. हलले नाहीत.

त्यानंतर तासभर एकही गाडी नाही.
पाटा ओढत काट्याच्या मधोमध नेला.
दहा किलोखालचं आमच्या यंत्राला दिसत नाही,
पण हा दिसला. तीस.
मग चपला काढून त्याच्या शेजारी उभी राहिले,
आणि वळून, मान उंचावून,
काचेआडचा तो लाल आकडा
वाचायचा प्रयत्न केला.