प्रौढ, एक

"एकच?" खिडकीतल्या बाई विचारतात,
आणि माझ्या मागे कुणी लहान मूल लपलंय का
ते मान वाकडी करून पाहतात.
एकच, मी म्हणते.
तिकिटावर छापून येतं : प्रौढ, एक.
पाण्याच्या बाटलीला दहा रुपयांचं स्टिकर.
परत आणलीत तर पैसे परत.

गुरुवार. अर्धी रजा टाकून आलेय.
ऑफिसात सांगितलं, दाढेचं काम आहे.

कात्रजला आता सगळं ऐसपैस.
गज नाहीत, खंदक आहेत,
बांबू, दगडांची कपार, तळ्याकडून येणारा वारा,
आणि पाटीवर शास्त्रीय नाव, आहार, आयुर्मान.
आमच्या वेळी पेशवे पार्कात
वाघ वळायचा तर शेपूट गजांना घासायचं.
उग्र वास यायचा, मुतारीचा, आणि त्याखाली दुसरा कसला तरी,
आणि मी अप्पांच्या सायकलच्या दांडीवरून उतरून
त्या वासाच्या दिशेनं पळत सुटायचे.
इतकी खूश मी नंतर फार कमी वेळा झालेय.
यात खोटं बोलून भागणार नाही.

अप्पा मात्र यायचे नाहीत पिंजऱ्यापाशी.
चहाच्या टपरीवर, पाठ करून उभे.
खडकीच्या कारखान्यात सहा दिवस, रविवारी हे.
मला वाटायचं, कंटाळलेत.
आज वाटतं, त्यांना बघवत नसेल.
किंवा नुसता चहा हवा असेल.
विचारायला आता उशीर झालाय, बारा वर्षांचा.

अस्वल चालतंय.
खोडापासून पाण्याच्या टाकीपर्यंत अकरा पावलं,
मान झटकून वळण, पुन्हा अकरा.
मी सात फेऱ्या मोजल्या, मग सोडून दिलं.
त्यानं नाही सोडलं.
शेजारी एक पोरगं टाळ्या पिटत म्हणालं, "नाचतंय, नाचतंय!"
त्याच्या आईनं माझ्याकडे पाहिलं, मी हसले.
हसायला नको होतं का? कळेना.

कुंपणापलीकडे आंबेगावच्या इमारती.
आठव्या मजल्यावर, गॅलरीच्या ग्रिलमधून
कुणीतरी हात बाहेर काढून टॉवेल झटकतंय.
उपमा आयती चालत आलीय माझ्याकडे.
नाही घेत.
त्या माणसाकडे दाराची किल्ली आहे.

तरसाच्या खंदकापाशी सोपान कुदळे झाडत होते.
मोबाइल उंचावून हाका मारणाऱ्या पोरांना म्हणाले,
"तुमच्या घरी येऊन कुणी असं बोंबललं तर?"
मी विचारलं, सोडलं तर जगेल का हे?
झाडूच्या दांड्यावर हनुवटी टेकवून ते म्हणाले,
"इथंच जन्मलंय, मॅडम. याची आई पण इथलीच.
सोडायचं म्हणजे कुठं? बोगद्यापलीकडे पण स्कीमा झाल्या."
मग जरा थांबून :
"रात्री ओरडतं पण. क्वार्टरपर्यंत ऐकू येतं आमच्या."
कौतुकानं म्हणाले की कसं, ते ठरवता आलं नाही.

वाघ झोपला होता.
अर्धा तास उभी राहिले, पाय बदलत.
सगळं पटलं होतं मला एव्हाना, हे बरोबर नाही, वगैरे,
आणि तरी मनात एकच : ऊठ ना. एकदाच. माझ्यासाठी.
तो उठला. आळस दिला.
खांद्याचं हाड कातड्याखालून सरकलं
आणि माझ्या घशातून आवाज निघाला, नऊ वर्षांच्या मुलीचा.
मी पटकन मागे वळून पाहिलं.
पाठ करून कुणी उभं नव्हतं.

फाटकावर बाटली दाखवली.
"दिसला का वाघ?" त्याच बाई.
दिसला.
"नशीब तुमचं. सकाळपासून कुणाला उठून दाखवला नाही त्यानं."
दहाची नोट घेतली, पर्समध्ये टाकली.
स्टिकरचा चिकटपणा अंगठ्याला राहिला,
स्वारगेट येईपर्यंत
बसमध्ये तोच चोळत बसले.