सोम, बुध, गुरु

टोलेडोतल्या ह्या इमारतीत पूर्वी बँक होती.
गाडीत बसून पैसे काढायची खिडकी अजून तशीच,
काचेमागं कुणीतरी कोरफडीची कुंडी ठेवलीय.
एका बाजूला गाद्यांचं दुकान,
दुसऱ्या बाजूला लोकांचा टॅक्स भरून देणारे.
सोम, बुध, गुरु. चार ते सात.
अन्वयला सोडते आणि मी गाडीतच बसते.
हीटर दहा मिनिटं चालू, वीस मिनिटं बंद.
पेट्रोल वाचतं म्हणून नव्हे,
काहीतरी मोजायला हवं म्हणून.

सांगलीहून वन्संचा फोन.
"अन्वय कुठाय?"
"क्लासला गेलाय."
क्लास म्हटलं की आपल्याकडं कुणी पुढं विचारत नाही.
गणिताचा असेल, असं त्या धरून चालतात.
आणि असतंही गणितच.
आज एक ते दहात किती?
काल झोप किती तास?
ह्या आठवड्यात किती वेळा वाटलं की
(पहिल्या दिवशी तो फॉर्म माझ्या मांडीवर होता.
त्या ओळीपाशी त्याचं पेन थांबलं
आणि मी खिडकीबाहेर बघत राहिले,
जशी परीक्षेत पोराची उत्तरं बघू नयेत तशी.)

विम्यानं अठरा दिवस मंजूर केलेत.
एकोणिसाव्या दिवसाचं कुणी बोलत नाही.

बँकेची तिजोरी अजून आहे म्हणे.
तीत आता सगळ्यांचे मोबाइल ठेवतात, तीन तास.
पलीकडच्या खोलीत मोठ्यांचा गट.
काचेच्या कारखान्यातनं निवृत्त झालेले एक आजोबा, ऑडेल,
मधल्या सुट्टीत ह्याच्यासाठी दार धरून उभे राहतात.
एवढंच. बोलत काही नाहीत.
एका बुधवारी गाडीत बसताना ह्याचा तळवा लालभडक, ओला.
मी दचकले.
"बर्फ धरायला शिकवलं. वादळ आलं की मुठीत बर्फ धरायचा."
बाहेर पार्किंगमध्ये फूटभर साचलेला,
आणि आत ट्रेमधनं काढून देतात.
मला हसू आलं. त्यालाही, थोडं.

ह्यांना विचारलं, गुरुवारी येता का, घरच्यांना बोलावलंय.
म्हणाले, रस्ते निसरडे आहेत.

मग मी एकटीच. गोल मांडलेल्या खुर्च्या,
मधोमध टिशूचा डबा, जसं काही पूजेचं ताट.
सगळ्यांची पाळी झाली. रोंडा माझ्याकडं वळली.
तुम्हाला हे शरीरात कुठं जाणवतं?
कुठं म्हणजे?
पोटात गोळा येतो, छातीत धस्स होतं,
घशाशी आवंढा, हातापायांतलं बळ जातं,
आमच्या भाषेनं आधीच सगळं वाटून ठेवलंय, बाई.
पण बावीस वर्षांचं माझं इंग्रजी
त्या क्षणी कुठं गेलं, कळलं नाही.
मराठीतच म्हणाले,
"जीव टांगणीला लागलाय."

अन्वय जमिनीकडं बघत होता.
ह्या पोराचं मराठी म्हणजे भूक, झोप आणि आत्या.
तो म्हणाला, इंग्रजीत, सावकाश,
"ती म्हणते, तिचा जीव कुठंतरी उंच अडकवून ठेवलाय.
आणि ती खाली उभी आहे,
पडला तर झेलायला."

शेवटचं मी म्हटलं नव्हतं.

टिशूचा डबा कुणीतरी माझ्याकडं सरकवला.
मी घेतला नाही. मग दोन घेतले.

परत येताना रस्त्यावर मीठच मीठ,
काचेवर पांढरे ओघळ, वायपरचं पाणी संपलेलं.
"आई, टांगणी म्हणजे नेमकं काय गं?"
"मलाही ठाऊक नाही. खुंटी असेल. मी कधी पाहिली नाही."
"मग म्हणतेस कशी?"
सिग्नलला फोन वाजला. वन्सं.
माझा हात पोचायच्या आत त्यानं उचलला.
"हां आत्या. आत्ताच क्लासमधनं सुटलो.
हो.
आज आईपण होती क्लासला."

पलीकडं त्या काहीतरी विचारत होत्या.
सिग्नल हिरवा झाला.
मागच्यानं हॉर्न दिला.