छातीएवढ्या उंचीवर

जमिनीपासून एक मीटर तीस.
तिथे लाल रंगाचा पट्टा मारायचा,
तिथेच फीत गुंडाळायची, आकडा ओरडायचा.
ती उंची एम्पालिंगच्या छातीशी येते,
मिंदूच्या हनुवटीशी.
मी वही धरून मागे. माझं काम लिहायचं.

सारावाकच्या या टेकडीवर
प्रत्येक झाडाला पत्र्याचा बिल्ला आहे,
करंगळीएवढ्या रोपालाही.
दर पाच वर्षांनी यायचं आणि तेच विचारायचं:
किती झालास?

एम्पालिंग पानं बघत नाही. पानं पन्नास मीटर वर.
तो कोयत्याने साल जराशी खरवडतो,
नाक लावतो, डोळे मिटतो,
भात लागला की काय ते बघावं तसा.
"मेरांती. लाल."
"हाही मेरांती. पण पिवळा."
मग एकाशी थांबला, हसला, म्हणाला, "कापूर."
मला दुभाष्या लागला नाही.
इतक्या लांब, जळवा मोज्यांत शिरत असताना,
आरतीच्या तबकातला शब्द
ओल्या सालीतून उठून नाकात गेला.

वर बघ, मिंदू म्हणाली.
कापराचे शेंडे एकमेकांना शिवत नाहीत.
दोन झाडांमध्ये आभाळाची चिंचोळी पट्टी,
नकाशातल्या नदीसारखी वळत गेलेली.
सगळे सोवळ्यात उभे.
आणि खाली पाचोळा बोटाने उकरला तर
मुळाला पांढरी बुरशी, बुरशीला दुसऱ्याचं मूळ,
कोण कुणाच्या ताटात जेवतंय कळू नये.
वर सोवळं, खाली सगळं उष्टं.

बिल्ला ४०७१.
तीन पानं, त्यातल्या एकाची अळीने चाळण केलेली.
वहीत मागे: अकरा मिलिमीटर.
त्याआधी: अकरा.
आम्ही मोजलं: बारा. मला वाटलं, मेलंय.
"नाही," एम्पालिंग म्हणाला. "बसलंय."
थोरल्या कापराच्या सावलीत
दिवसाकाठी उन्हाचा एक तुकडा येतो,
पंधरा मिनिटं थांबतो, सरकतो.
तेवढ्यावर.

फळांचं वर्ष त्याला पाठ होतं.
पाच वर्षं काही नाही, सहा वर्षं नाही,
मग एखादा महिना कोरडा जातो
आणि अख्खं रान एकदम फुलतं,
कोण कुणाला सांगतं देव जाणे.
पाच पंखांची फळं गरगरत येतात
आणि लाँगहाऊसच्या पत्र्यावर रात्रभर टपटप.
रानडुकरं खाऊन खाऊन आडवी होतात,
उरतं ते रुजतं.
"अशाच वर्षी माझं लग्न झालं," तो म्हणाला.
"हे रोप आणि माझी थोरली एका वयाची."
थोरली म्हणजे मिंदू.
तिने ऐकू न आल्यासारखं केलं
आणि फीत उगीच पुन्हा गुंडाळली.

पुढच्या मोजणीला एम्पालिंग नव्हता.
मिरीच्या इस्पितळात, साखर वाढून.
थोरला कापूरही नव्हता.
वारा नसताना पडला, पावसाने जड होऊन, रात्री,
जाताना तिघांना घेऊन गेला.
जिथे कधी टोपी लागली नव्हती
तिथे इतकं ऊन की वहीचा कागद बघवेना.

४०७१ शोधायला अर्धा तास गेला.
आम्ही खाली शोधत होतो.
ते आमच्या डोक्यांच्या किती तरी वर.
बिल्ल्याची तार सालीत रुतायला लागलेली.
मिंदूने ती दोन वेढे सैल केली,
हनुवटीशी फीत धरली.
"चौसष्ट."
मी म्हटलं, पुन्हा मोज.
"चौसष्ट म्हटलं ना."

मग तिने कोयता काढला.
गरज नव्हती.
नखाएवढी साल खरवडली, नाक लावलं, डोळे मिटले.
कुठेतरी वर एक धनेश पंख घासत गेला.
ती काही बोलेना.
जातीच्या रकान्यात नाव आधीच होतं,
तिच्या वडिलांनी सांगितलेलं, माझ्या अक्षरात.
मी पेन्सिल टेकवली
आणि ती सांगेपर्यंत थांबलो.