पाव इंच

फळीतून काढायचा होता फक्त पाव इंच.
भरली तीन पोती.
हे गणित मला अजून जमलेलं नाही:
जे उरतं ते काखेत मारून नेता येतं,
जे काढलं
ते गॅरेजभर.

पहिल्या हिवाळ्यात प्लेनर तसाच चालवला,
मागे ना नळी ना पिंप.
आयोवातली थंडी, दार उघडायची सोय नाही.
मेपलचे पातळ पोहे उडाले
गाडीच्या टपावर, बर्फाच्या फावड्यावर,
वॉशिंग मशीनच्या साबणाच्या खणात.
हेरंबने कणीक मळायला घेतली
तर परातीत दोन कुरळे छिलके.
"आज फायबर जास्त आहे," म्हणाला.
बाकी काही नाही.
ते बाकी काही नाही
मला जास्त लागलं.

मग पंखा आणला, चार इंची नळी आणली,
मध्ये उभं केलं झाकणाचं पिंप.
हवा आत शिरते, गरगरते,
जड ते खाली बसतं, फोल पुढे जातं.
सुपाचंच काम,
फक्त दीड हॉर्सपॉवरचं सूप
आणि पाखडताना कानात बोळे.

पण ढलप्यांचं काय,
त्या दिसतात, म्हणून झाडूला सापडतात.
दिसत नाही ती खरी.
दुपारी चारला खिडकीतून उन्हाची पट्टी येते
तेव्हा कळतं, मशीन बंद होऊन तास झाला
तरी ती खाली बसलेली नाही.
डोळ्यांत धूळ फेकणं म्हणतात
ते हेच असावं: काही न दिसणं.
मी हॉस्पिटलात दिवसभर लोकांना सांगते
फुंका, अजून, अजून, अजून, अजून थोडं,
आणि पडद्यावरचा आकडा वाचते.
माझा स्वतःचा आकडा
मार्चपासून वाचलेला नाही.

काळ्या अक्रोडाचं पोतं वेगळं. त्यावर लाल चिकटपट्टी.
मार्लिस नेते भुसा घोडीखाली अंथरायला.
पाइन चालतो, मेपल चालतो,
अक्रोड थोडा जरी मिसळला
तरी रात्रीत खूर तापतात,
सकाळी घोडी पाय टेकत नाही.
म्हणून लाकडाची जात बदलली की
पिंप रिकामं, नळी झटकायची, झाडू,
पुन्हा झाडू.
सोवळ्याओवळ्याची मी कधीच नव्हते.
आता आहे,
एका तपकिरी घोडीपुरती.

मागच्या शनिवारी नळी तुंबली.
मशीन गुरगुरलं, कीस तोंडातून उलटा आला
माझ्याच चष्म्यावर.
प्लग काढला. सहा स्क्रू. झाकण.
पंख्याच्या बाजूला काही नाही,
पात्यांच्या मागे, रोलरच्या कोपऱ्यात
घट्ट बसलेला गोळा,
तांबूस, जुन्या मधासारखा.
चेरी.
चेरी मी आजवर रंधलेली नाही.

हे मशीन घेतलं ते एका शेतावरच्या लिलावात.
विकणाऱ्या बाई सांगत होत्या,
आर्लो पाळणा करत होता, नातीसाठी,
दोन बाजू झाल्या होत्या.
पुढचं मी विचारलं नाही.
घासाघीस करत होते
चाळीस डॉलरसाठी.
मिळालेही.

गोळा बोटांनी सोडवला. सुटता सुटेना,
मग एकदम सुटला, ओंजळभर झाला,
मघाशी लिंबाएवढा होता.
वास उरला होता का त्याला, सांगता येत नाही.
तोंडावर मास्क होता
आणि मी काढला नाही.
नियम माझाच आहे.
रात्री भांडी विसळताना वाटलं,
एका श्वासापुरता काढला असता तर
कोणता आकडा घसरला असता.

पाइनच्या पोत्यात घालवेना.
लाल पट्टीच्या पोत्यात तर नाहीच.
चेरी घोड्यांना चालते का माहीत नाही,
मार्लिसला विचारायला हवं,
असं चार दिवस स्वतःला सांगते आहे.
तोवर तो लोणच्याच्या रिकाम्या बरणीत,
झाकण घट्ट,
स्क्रूंच्या डब्यांशेजारी.

फळी अजून टेबलावर आहे.
पाव इंचातला अर्धा
काढायचा राहिला आहे.